बंदूक, बाई आणि शेजार

(एकल शेतकरी महिलांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)

मला इथे बोलावताना 'जमीन आणि एकटी बाई' असा विषय दिला होता. सातबारा, वारसनोंद, पीककर्ज, तलाठ्याकडचे हेलपाटे यावर काल दिवसभर तुम्ही बोललात आणि माझ्यापेक्षा चांगलं बोललात. तेव्हा ते पुन्हा सांगत नाही. त्याच विषयातलं, पण शिबिरात सहसा न निघणारं एक प्रकरण सांगते. माझ्याकडे बंदूक आहे.

बघा, काहीजणी हसल्या आणि काहीजणींचे चेहरे बदलले. दोन्ही मला समजतं. आपण वर्षानुवर्षं हिंसेविरुद्ध बोलत आलो. बंदूक म्हटलं की आपल्यासमोर ती चालवणारा पुरुष येतो आणि तिच्यासमोर उभी असलेली बाई येते. मीही त्यातलीच. पण मी तळकोकणात राहते. चार एकर काजू, थोडी भातशेती, घराभोवती माडपोफळी. जंगल गडग्याला लागून. वानरं नारळ कोवळे असतानाच पाडतात आणि भात पोटरीला आलं की रानडुकरं एका रात्रीत वाफा उलटा करून जातात. ज्यांचं शेत असं आहे त्यांच्या घरात आजेसासऱ्यांच्या काळापासून एखादी ठासणीची बंदूक असतेच. आमच्याकडेही होती. परवाना माझ्या मालकांच्या नावावर होता.

मालक २०१६ च्या पावसाळ्यात गेले. परवानाधारक गेला की ती बंदूक घरात ठेवणं बेकायदा होतं, ती विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करावी लागते. दिराने ती नेऊन जमा केली आणि येताना सांगितलं, "वहिनी, आता ती माझ्या नावावर करून घेतो. घराण्याची वस्तू आहे." मी म्हटलं, घराण्याची वस्तू खरी, पण शेत कोण राखतं? त्या वर्षी रात्री डबे वाजवत शेतात मीच बसले होते.

इथे कायदा काय सांगतो ते लिहून घ्या, तुमच्या गावात कुणाला तरी लागेल. शस्त्र कायदा १९५९ चा. त्याच्या १३ व्या कलमात खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याची तरतूद आहे. १४ व्या कलमात असंही म्हटलं आहे की, पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणावरून परवाना नाकारता येणार नाही. २०१६ च्या नियमांप्रमाणे परवानाधारक मेल्यावर त्याच्या वारसाला अर्ज करता येतो, बाकीच्या वारसांनी 'हरकत नाही' असं लिहून द्यायचं. आणि शस्त्र हाताळण्याचं प्रशिक्षण घेतल्याचा दाखला लागतो. यात 'पुरुष' हा शब्द कुठेही नाही. तो शब्द कायद्यात नाही, चौकशीत येतो.

माझे वारस म्हणजे दोन मुली आणि सासूबाई. दिराने सासूबाईंना हरकत घ्यायला सांगितलं. त्या पंच्याऐंशीच्या, सही न येणाऱ्या. त्यांनी त्याला एकच विचारलं, "शेत कोण राखता? ही राखता. मगे बंदूक खंय ऱ्हवतली?" आणि माझ्या कागदावर अंगठा उठवला. आमच्या घरातली स्त्रीमुक्ती ही अशी, कुठल्याही शिबिराला न जाता आलेली.

मग झाली चारित्र्य पडताळणी. सरकारी कागदावर या शब्दाचा अर्थ एवढाच की अर्जदारावर गुन्हे आहेत का, तो भांडखोर आहे का. पण अर्जदार बाई असली की हा शब्द भलतीकडे जातो. घरी कोण कोण येतं, रात्री दिवा किती वाजेपर्यंत असतो, मालक गेल्यावर माहेरी का गेली नाही. वाडीत विचारपूस झाली तेव्हा एका गृहस्थांनी सांगितलं, "बायलमाणसाक बंदूक कित्याक?" तेवढ्या एका वाक्यावर माझा अर्ज कितीतरी महिने पडून राहिला. अखेर २०१८ मध्ये परवाना मिळाला.

बंदूक घरी आली, पण मला ती चालवता कुठे येत होती! प्रशिक्षणात धरायची कशी, रिकामी कशी करायची, बोट घोड्यावर केव्हा न्यायचं नाही, एवढं शिकवलं होतं. ठासणीची बंदूक म्हणजे नळीतून आधी दारू घालायची, वर काथ्याचा बोळा, मग छर्रे, पुन्हा बोळा, गजाने ठासायचं, टोपी बसवायची आणि मग एक बार. तो फुकट गेला की वानर झाडावरून तुमच्याकडे बघत बसतं. तीन वर्षं मी नुसते हवेत बार काढले. २०२१ च्या दिवाळीनंतर ठरवलं की नेम धरायला शिकायचं. आमच्या हद्दीच्या शेवटी मातीचा एक बांध आहे, पुरुषभर उंच. त्याला एक फुटकं सूप टेकवलं, चुन्याने मध्ये गोल काढला आणि दर रविवारी सकाळी पाच-सहा बार. पहिल्या दिवशी खांदा काळानिळा झाला. संक्रांतीपर्यंत सुपाची चाळण झाली.

आणि मैत्रिणींनो, खरं सांगते, मला बरं वाटायला लागलं. मालक गेल्यापासून रात्री कुणी ना कुणी अंगणात खाकरायचं, नारळ चोरीला जायचे, दारूच्या नादात कुणी कडी वाजवायचं. चांदमारी सुरू झाली आणि हे सगळं बंद पडलं. मी कुणाला काही बोलले नव्हते, आवाजानेच काम केलं. गावात मला 'फौजदारीण' म्हणायला लागले. मला त्याचाही थोडा गर्व झाला. हे लपवत नाही, कारण पुढचं त्याशिवाय कळणार नाही.

२०२२ च्या फेब्रुवारीत बीट हवालदार मोटारसायकलवरून आले. शेजाऱ्यांनी लेखी तक्रार दिली होती. त्यात तीन मुद्दे होते. एक, बंदुकीच्या आवाजाने गुरं बुजतात. दोन, बांधापलीकडे वाट आहे, पोरंबाळं जातात. तीन, ही बाई एकटी राहते, तिच्याकडे परके पुरुष येतात आणि बंदुकीच्या जोरावर ती वाडीत दहशत बसवते.

तिसरा मुद्दा वाचला आणि माझं डोकं फिरलं. 'परके पुरुष' म्हणजे काजू न्यायला येणारा व्यापारी आणि माझा भाचा. त्यातून तक्रार करणाऱ्या शेजाऱ्यांच्या घरीही परवान्याची ठासणीची बंदूक होती. त्यांनी बार काढला तर गुरं बुजत नव्हती, आणि मी काढला की बुजत होती! हवालदार म्हणाले, "काकी, कशाला भानगड? बंदूक देऊन टाका दिराला." मी त्यांना म्हटलं, आमच्या घाटावरच्या कोल्हापूरची तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला रायफल नेमबाजीत जगज्जेती झाली, राही सरनोबतने २०१८ मध्ये एशियाडचं सुवर्णपदक आणलं, तेव्हा त्यांना कुणी म्हटलं का, दिराला देऊन टाका? पदक आणणारी बाई आपल्याला चालते. शेजारची बाई नेम धरायला लागली की चारित्र्य आठवतं.

मी तो कागद घेऊन आमच्या गटात गेले. सगळ्या पेटल्या. पोलीस ठाण्यावर मोर्चा न्यायचं ठरत होतं. तेवढ्यात आमच्यातली एक मैत्रीण, जी फारसं बोलत नाही, म्हणाली, "तिसऱ्या मुद्द्याचं बघू. पण पहिले दोन खरे आहेत का?"

मला राग आला. पण दुसऱ्या दिवशी सकाळी मी बांध चढून पलीकडे उतरले. आधी कधी उतरलेच नव्हते, कारण तिथे माझी हद्द संपते. खाली झऱ्यावर जाणारी पायवाट होती. बायका तिथे कपडे धुतात, मुलं त्याच वाटेने शाळेत जातात. वाटेच्या कडेला फणसाचं झाड आहे. त्याच्या सालीत छर्रे रुतलेले होते. चार मोजले. त्यातला एक माझ्या छातीएवढ्या उंचीवर होता, म्हणजे आठ-नऊ वर्षांच्या मुलाच्या डोक्याएवढा.

मी तिथेच बसले. माझा सातबारा बांधापाशी संपत होता, छर्रा तिथे संपत नव्हता. 'माझी जमीन आहे, मी काहीही करीन' हे वाक्य मी जमीनदारांच्या तोंडून आयुष्यभर ऐकलं, त्याविरुद्ध घोषणा दिल्या, आणि तेच वाक्य रविवारी सकाळी मी बंदुकीने बोलत होते.

मोर्चा रद्द झाला. त्याऐवजी मी तक्रारीला लेखी उत्तर दिलं. पहिला आणि दुसरा मुद्दा मान्य, चांदमारी आजपासून बंद. तिसरा मुद्दा बदनामीकारक आहे, तो लेखी मागे घ्यावा. उत्तराची प्रत पोलीस ठाण्यात दिली आणि आवक शिक्का मारून पोच घेतली. अधिकारी नवे होते. त्यांनी माझा परवाना नीट वाचला आणि सांगितलं की तो पीकसंरक्षणाचा आहे. नेमबाजीच्या सरावासाठी कायद्यात वेगळी सोय आहे. त्याच १३ व्या कलमात, मान्यताप्राप्त रायफल क्लबच्या सदस्याला पॉइंट टू-टू रायफलीचा किंवा एअर रायफलीचा परवाना. म्हणजे माझी चांदमारी ही माझ्या परवान्याच्या कामात बसत नव्हती. हे मला ना प्रशिक्षणात कुणी सांगितलं, ना मी विचारलं. हा अधिकारी माझ्याशी माणसासारखा बोलला, हेही सांगायला हवं. आपण पोलिसांवर टीका करतो तेव्हा हीही बाजू मांडावी.

नंतर शाळेच्या पडवीत बैठक झाली. आमच्या पोलीस पाटील बाई आहेत, त्यांनी ती बोलावली. मी फणसाच्या झाडाचं सगळ्यांसमोर सांगितलं आणि माफी मागितली. माफी मागितल्यावर तिसऱ्या मुद्द्यावर बोलणं सोपं झालं. शेजारी बराच वेळ गप्प होते, मग त्यांनी तो मुद्दा मागे घेतल्याचं लिहून दिलं. ठरलं ते असं: ठासणीच्या बंदुकीने निशाणा लावायचा नाही, पीक असेल त्या दिवसांत फक्त जनावर हाकलायला बार काढायचा आणि त्याआधी शेजारी कळवायचं. नेमाची हौस असेल तर साडेचार मिलिमीटरची एअर रायफल, ठराविक शक्तीपर्यंतच्या अशा रायफलीला परवाना लागत नाही. तीही उघड्यावर नाही, मांगरात, दहा मीटरवर, मागे मातीने भरलेली पोती रचून. तिच्या छर्ऱ्याने जीव जाणार नाही कदाचित, पण डोळा जातो.

आणखी एक सांगते. बंदुकीचा परवाना म्हणजे प्राणी मारण्याचा परवाना नव्हे. वन्यप्राण्यांचा कायदा १९७२ चा, त्याची परवानगी वनखात्याकडून वेगळी. तेव्हा हौसेने कुणी 'डुक्कर पाडून दे' म्हणालं तर नाही म्हणा.

इथवर ही शेजाऱ्याशी भांडण मिटल्याची गोष्ट झाली. पण मी ती सांगायला उभी राहिले नाही.

त्याच वर्षी श्रावणात, रात्री नऊच्या सुमारास, शेजारची वहिनी गडगा ओलांडून आली. पाऊस होता, डोक्यावर नुसतं इरलं. पडवीत बसली आणि म्हणाली, "ह्यांची बंदूक तुज्याकडे ठेव. घरात नको." मी म्हटलं, अगं, मला दुसऱ्याची बंदूक ठेवता येत नाही, तो गुन्हा आहे. ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "त्या तक्रारीत गुरां बुजतत असा लिवलेला मां? ता मीच लिवूक सांगलंय. गुरां नाय बुजनत गे, मी बुजतंय."

तिचा नवरा दारू प्यायला की बंदूक काढून मांडीवर घेऊन बसतो. मारत नाही. नळी पुसत बसतो आणि तिच्याकडे बघतो. कधी टोपी न लावता घोडा ओढतो. नुसती 'खट्'. पंधरा वर्षं हे चाललेलं. आणि दर रविवारी सकाळी माझा बार ऐकला की तिच्या हातातलं भांडं पडायचं. मी ज्या आवाजाने कडी वाजवणाऱ्यांना घाबरवलं, त्याच आवाजाने गडग्यापलीकडे एक बाई थरथरत होती, आणि मला ते चार महिने कळलं नाही. कळायला तिला माझ्याकडे यावं लागलं.

तिची लेखी तक्रार द्यायची तयारी नव्हती. आपल्याला हे ठाऊक आहे, तयारी व्हायला वेळ लागतो. आम्ही दीड वर्ष थांबलो. गटातल्या दोघी पाणवठ्यावर तिला भेटत राहिल्या. २०२४ च्या फेब्रुवारीत ती म्हणाली, लिहा.

पोलीस ठाण्यात पहिलं उत्तर मिळालं, "त्याने मारलंय का? नाही ना? मग घरगुती मामला." तेव्हा आम्ही दोन कागद केले. शस्त्र कायद्याच्या १७ व्या कलमाप्रमाणे सार्वजनिक सुरक्षिततेसाठी परवाना निलंबित किंवा रद्द करता येतो, म्हणून एक अर्ज जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे. दुसरा, २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षण अधिकाऱ्यांकडे. त्या कायद्यात हिंसा म्हणजे फक्त मारहाण नव्हे, मानसिक छळही हिंसाच. आणि त्याच्या २००६ च्या नियमांत आहे की दंडाधिकाऱ्यांनी आदेश दिला तर संरक्षण अधिकाऱ्याने पोलिसांची मदत घेऊन हिंसेत वापरलेलं शस्त्र ताब्यात घ्यायचं. हा नियम आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हता. इतकी वर्षं काम करतो आपण, आणि 'घरात शस्त्र आहे का?' हा प्रश्न आपल्या केसच्या फॉर्मवर कधी घातलाच नाही.

मधेच लोकसभेची निवडणूक आली. निवडणुकीत परवान्याच्या बंदुका ठाण्यात जमा करून घेतात. सरसकट सगळ्यांच्या घेऊ नयेत, समितीने प्रत्येकाचं प्रकरण तपासून ठरवावं, असं मुंबई उच्च न्यायालयाने २००९ मध्येच सांगितलं आहे. आमच्याकडे माझीही गेली, त्यांचीही गेली. मी पीक नसल्यामुळे भांडले नाही. पण निकालानंतर बंदुका परत द्यायची वेळ आली तेव्हा आम्ही वहिनीच्या अर्जाची पोच घेऊन ठाण्यात गेलो आणि विचारलं, या अर्जाचा निर्णय होईपर्यंत ती बंदूक परत देणार का? आणि दिली आणि काही झालं, तर कुणाच्या सहीने दिली असं लिहायचं? माझी बंदूक परत आली. त्यांची आजपर्यंत आलेली नाही. चौकशी चालू आहे.

याला विजय म्हणायची घाई करू नका. वहिनी त्याच घरात आहे, तो माणूसही तिथेच आहे. दुखवायला बंदूकच लागते असं नाही. पण ती म्हणते, रात्री झोप लागते. पंधरा वर्षांनी झोप लागणं ही मोठी गोष्ट आहे.

आता तुमच्याकडे माझी मागणी. आपापल्या गावात किती घरांत परवान्याची बंदूक आहे आणि ती कुणाच्या नावावर आहे, ते बायकांना विचारा. विधवा शेतकरी बाईला वारस म्हणून परवाना हवा असेल तर चौकशीच्या वेळी तिच्या बाजूला उभ्या राहा, 'चारित्र्य' या शब्दाचा अर्थ तिथल्या तिथे विचारा. ज्या घरातल्या बाईला त्या बंदुकीची भीती वाटते तिला निवडणुकीची आणि नूतनीकरणाची वेळ सांगून ठेवा. नूतनीकरण आता ५ वर्षांनी येतं, २०१९ आधी ३ वर्षांनी यायचं. बाकी वेळी न उघडणारी फाईल तेव्हा उघडते. आणि आपल्यापैकी जिच्या हातात ताकद आली, मग ती बंदुकीची असो, सरपंचपदाची असो की संघटनेची, तिला आपणच विचारायचं की बांधापलीकडे काय आहे ते बघितलंस का. हा प्रश्न शत्रूने विचारला तर आपण भांडतो. मैत्रिणीने विचारला म्हणून मी उतरून बघितलं.

अजूनही भात पोटरीला आलं की मला बार काढावा लागतो. ठासून झालं की बंदूक बांधाला न टेकवता खाली मातीवर ठेवते, गडग्यापाशी जाते आणि वहिनीला हाक मारते. ती आतून ओ देते. मग मी मागे येऊन टोपी बसवते. एखाद्या दिवशी ओ आली नाही, तर त्या दिवशी डुकरं खाऊन जाऊ देत भात. मी आधी गडगा ओलांडते.